चावी खिशात आणि गाडी चालू

गाडी-गॅरेज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या ट्रस्टची रुग्णवाहिका आहे. पेशंट घेऊन मिरजेला गेलं की ड्रायव्हर गाडी चालूच ठेवून स्ट्रेचर धरायला आत जातो, कारण सोबत दुसरा माणूस नसतो. मागच्या महिन्यात दारू प्यायलेला एक जण स्टेअरिंगवर बसला आणि गाडी थेट गेटपर्यंत घेऊन गेला. वॉचमन होता म्हणून निभावलं. काका, जीपीएस बसवावं का?
– एका ट्रस्टचे सचिव, तासगाव

उत्तर : बसवा, पण त्याच्यावर विसंबू नका. जीपीएस गाडी अडवत नाही, गेली कुठं तेवढं सांगतं. तुमच्या प्रकरणात गाडी गेटवरच होती.

गाडी चालू का ठेवावी लागते, हे आधी ड्रायव्हरला खाजगीत विचारा. चारचौघात तो ऑक्सिजनचं नाव सांगेल. ऑक्सिजन सिलेंडरमधून येतो, त्याला इंजिन लागत नाही. व्हेंटिलेटर आणि मॉनिटरला स्वतःची बॅटरी असते. माझ्या दुकानात चहा पिताना हीच मंडळी खरं बोलतात : एकदा बंद केली की सेल्फ घेईल याचा भरवसा नाही, आणि मग नातेवाईक अंगावर येतात. सायरन, वरचा दिवा, पंखे, सक्शन, इन्व्हर्टर असं सगळं एकाच बॅटरीवर ओढलं तर दुसरं काय होणार? परवा एक गाडी आली. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर एवढा चढला होता की पान्हा बसेना. गरम पाणी ओतून, घासून साफ केलं आणि अर्ध्या चावीला गाडी सुरू.

तेव्हा पहिला खर्च इथं करा. मागच्या सामानाला वेगळी बॅटरी द्या. इंजिन चालू असेल तेव्हाच दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जातील असा रिले, म्हणजे आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, मध्ये टाका. इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासून घ्या. गाडी जिथं उभी असते तिथं बाहेरून लाइट जोडून चार्जिंग होईल असा सॉकेट बसवा. एवढं झालं की बहुतेक वेळा गाडी बंद करून चावी खिशात टाकता येते. मोटार वाहन कायद्याचं कलम 126 तरी काय म्हणतं? सार्वजनिक जागी गाडी उभी असेल तर सीटवर लायसनवाला माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा.

राहिला एसी. मे महिन्यात आत पेशंट असताना इंजिन बंद करा असं मी सांगणार नाही. त्यासाठी परदेशातल्या रुग्णवाहिकांत आणि पोलिसांच्या गाड्यांत एक सोय असते : चावी काढली तरी इंजिन चालू राहतं, पण परक्या माणसानं गाडी हलवायला घेतली की ते बंद पडतं. आपल्या गिअरच्या गाडीत हे हँडब्रेकवर करता येतं. डॅशबोर्डवर हँडब्रेकचा लाल दिवा लागतो, त्याच्याच स्विचचा सिग्नल घ्यायचा. लपवलेलं बटण न दाबता हँडब्रेक सोडला की इंजिन बंद. मात्र हँडब्रेकची केबल ढिली असेल तर या सगळ्याला अर्थ नाही.

एका गोष्टीवर मी अडून बसतो. मोबाइलवरून चालती गाडी बंद करणारं यंत्र रुग्णवाहिकेला लावू नका, विकणारा काहीही सांगो. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टेअरिंग दगडासारखं जड होतं आणि दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेकची मदतही जाते. चोर पकडायच्या नादात आतला पेशंट जायचा. गाडी बीएस-6 असेल तर ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, वायरी गल्लीतल्या माणसाकडून कापून घेऊ नका, कंपनीच्या वर्कशॉपला विचारा.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर पुण्याहून परत येताना पॅसेंजर भरतो असं कानावर आलं आहे. फास्टॅगच्या मेसेजवरून कळेल का?
– एक कार्यकर्ता, कराड

उत्तर : ट्रक असता तर कळलं असतं. तासवडे नाक्यावर पैसे कटले की मालकाचा फोन वाजतो. रुग्णवाहिकेला टोल माफ, त्यामुळे तो पुरावा तुमच्याकडे नाही. निघताना आणि आल्यावर मीटरचा फोटो ग्रुपवर टाकायला सांगा आणि डिझेल दर वेळी टाकी फुल करूनच भरा. जीपीएस इथं खरं कामाला येतं : स्वारगेटला गाडी वीस मिनिटं का थांबली, हे विचारता येतं. दुसरी चावी खजिनदाराकडे ठेवा.

पण एक विचारू? परतीच्या रिकाम्या फेरीचा भत्ता तुम्ही त्याला देता का? बऱ्याच ठिकाणी नुसता जातानाचा हिशोब होतो, रात्रभर थांबल्याचे पैसे कुणी धरत नाही, आणि मग ड्रायव्हर बेइमान म्हणून बोंब होते. आधी भत्ता लावा, मग कडक व्हा. आणि त्याला हेही समजावा : भाड्याचे पॅसेंजर असताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि भरपाई मंडळाच्या गळ्यात येते.

प्रश्न : भावाचा जेसीबी रात्री साइटवरच असतो. शेजारच्या गावातल्या मशिनची चावी आमच्याला लागली! ऊस तोडीत ट्रॉल्याही फडातच राहतात. काय करावं?
– एक शेतकरी, कोरेगाव

उत्तर : दचकू नका, एकाच कंपनीच्या बऱ्याच मशिनना एकच चावी चालते. म्हणून बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवा आणि त्याची मूठ काढून घरी न्या. बकेट जमिनीला टेकवून ठेवा. ट्रॉलीला इंजिनच नाही, कुणीही ट्रॅक्टर लावून ओढून नेईल, म्हणून दोन ट्रॉल्यांची चाकं जाड साखळीनं एकमेकांत बांधा. चासीवर आतल्या बाजूला वेल्डिंगनं स्वतःची खूण करा. रंग बदलला तरी ती सापडते.

आणि चोरी झालीच तर त्याच दिवशी पोलिसांत फिर्याद द्या, विमा कंपनीलाही लगेच कळवा. फिर्याद वेळेत असेल तर निव्वळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा फेटाळता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2020 साली सांगितलंय. पण कंपनी दोन्ही चाव्या मागते, आणि तपास लागला नाही तर पोलिसांची ए-समरीही, म्हणजे चोरी खरी पण चोर सापडला नाही असा अहवाल. एक चावी मशिनमध्येच लटकत होती असं निघालं, तर तिथून पुढं वकिलाचा खर्च सुरू होतो.