बिबडे कोणी थापले?

पत्र, थोडक्यात:

माझं माहेर पाचोरा तालुक्यात, सासर पुण्यात. वडील गेल्यापासून रोज संध्याकाळी साडेसातला भावाच्या मोबाइलवर आईला फोन करते. मोठं काही नसतं. कुणाची म्हैस व्याली, कापूस अजून घरातच पडून आहे, आज कळण्याची भाकर न् ठेचा केला, नातवाचा खोकला. एवढं ऐकलं की मला बरं वाटतं. हल्ली मात्र आई मागच्या दारी जाऊन हळू आवाजात बोलते. परवा मागून भावजयीचा आवाज आला, "रोजचा हिशोब पुण्याला द्यायलाच पाहिजे का?" रात्रभर मला झोप नाही. लेकीने आईशी बोलायचंही नाही का? भावाच्या कानावर घालू, की आईला स्वतःचा फोन घेऊन देऊ? दिवाळीत पडली तेव्हापासून तिला उजव्या हाताने तांब्याही उचलत नाही, आणि या वयात हा धाक. तरी माउलीने दरवर्षीसारखा बिबड्यांचा, आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांचा, डबा पाठवलाच.
— एक लेक, पुणे

उत्तर:

पोरी, बिबडे कोणी थापले?

तुझ्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळी एकमेकींना लागून आहेत आणि तुला त्या दिसल्या नाहीत. ज्या हाताला तांब्या पेलत नाही, त्या हाताने डबाभर बिबडे होत नाहीत. तू खान्देशातली आहेस, तुला हे सांगायची वेळ यायला नको होती. पण पुण्यात डबा उघडला की आयते बिबडे दिसतात, मागचं काही दिसत नाही, म्हणून सांगते.

ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, रोज पाणी बदलायचं. मग ती सुकवून दळून आणायची. पहाटे अंधारात चूल पेटवून मोठ्या पातेल्यात तीळ, जिरं, लसूण, तिखट घालून ते पीठ घाटत उभं राहायचं. गुठळी होऊ द्यायची नाही, बुडाला लागू द्यायचं नाही. खांद्यापासून हात भरून येतो, आणि खरं काम अजून सुरूही झालेलं नसतं. पीठ गरम आहे तोवरच ओल्या फडक्यावर थापायचं, गार झालं की ते पसरत नाही. बोटं पाण्यात बुडवायची, गोळा घ्यायचा, चटका सोसत थापायचा, पुन्हा पाण्यात बोटं. उन्हं वर यायच्या आत फडकी भरली पाहिजेत, कारण चैत्रात आपल्याकडे सकाळी दहालाच धाब्यावर पाय ठेववत नाही. वाळले की फडकं उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवायचा आणि एकेक बिबडा न मोडता सोडवायचा. पुन्हा वाळवायचा. मग डबा भरायचा, वर कागद घालायचा, पुण्याला जाणारं माणूस शोधायचं.

हे तुझ्या भावजयीने केलं. दुसरं कोण करणार? आणि दिवाळीपासून तुझ्या आईची वेणी कोण घालतं, पोलक्याची हुकं कोण लावतं, हेही एकदा मनाशी विचार. कुणाची म्हैस व्याली ते तुला त्याच दिवशी कळलं. हे कळलं नाही.

तुझ्या आईलाही मी मोकळं सोडणार नाही. डबा तिच्या नावाने आला आणि तिने येऊ दिला. लेकीपुढे आपण अजून धडधाकट आहोत असं वाटायला हवं असतं, ते मला समजतं. पण त्याची किंमत घरातली दुसरी बाई मोजते आहे आणि मागच्या दारी जाऊन ते झाकलं जाणार नाही.

आता तुझ्या साडेसातच्या फोनकडे ये. साडेसात म्हणजे भाकरी टाकायची वेळ. भावजय तव्यापुढे घामाने निथळते आहे, आणि चार हातांवर बसून सासू पुण्याला सांगते आहे की आज कळण्याची भाकर केली. कोणी केली, ते त्यात नसतं. भाजीत मीठ जास्त झालं असेल तर मात्र कोणी केली ते असतं. तुला त्या गप्पांचा विरंगुळा होतो, खरं आहे. पण त्या गप्पांमध्ये जिचा दिवस जातो तिला कधी कोणी विचारलं नाही. "रोजचा हिशोब" हे तिचं बोलणं तुला टोचलं. मला त्यात दिवाळीपासूनचा शीण ऐकू आला. अजून बरंच बोलू शकली असती, तेवढ्यावर थांबली.

भावाच्या कानावर काही घालू नकोस. तो ऐकेल, तिला बोलेल, आणि पुढच्या वर्षी बिबडे येतीलही, पण तुला ते गोड लागायचे नाहीत. आईला फोनही घेऊ नकोस.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आहे. दर आखाजीला तू मुलांना घेऊन माहेरी येत असशील, झोक्यावर बसत असशील, रसपोळी खाऊन दुपारी आईच्या मांडीवर डोकं ठेवत असशील. हक्कच आहे तुझा. पण आखाजी भावजयीलाही आहे. तिचीही आई कुठेतरी वाट बघते आणि ती तुझ्यासाठी पोळ्या लाटते.

भावजयीचा नंबर तुझ्याकडे आहे का? नसेल तर भावाकडून घे, कशाला ते सांगू नकोस. दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला, कामं उरकून ती टेकते तेव्हा, तिला फोन कर. आईची चौकशी करू नकोस. बिबडे किती पायलीचे केले ते विचार, हात भाजले का ते विचार, आणि सांग, "या आखाजीला तू आधल्या दिवशीच तुझ्या माहेरी जा. मी येते. बाबांच्या नावाची घागर, रस, पोळ्या, आईची वेणी, सगळं मी बघते. चार दिवस राहून ये." खापरावरचे मांडे तुला जमत नसतील तर राहू दे, साध्या पुरणपोळ्यांवर यंदाची आखाजी होईल.

ती आधी "नको" म्हणेल. तिला वाटेल, तू वरवरचं बोलते आहेस. दुसऱ्या दिवशी परत फोन कर. आणि फोन करायच्या आधी तिकिटं काढ, आखाजीच्या तोंडावर पाचोऱ्याकडे येणाऱ्या गाड्यांना जागा उरत नाही.