दोन रात्रींत वास गेला, तर उरलेलं जेल ठेवून देऊ का?

"ताई, महिनाभर अंगावरून पातळ, पांढरट जात होतं आणि मासळीसारखा वास यायचा. कुणाच्या शेजारी बसायची लाज वाटायची. डेटॉलच्या पाण्याने आतून धुतलं, जाऊबाईंकडे उरलेली क्लिंडामायसिन क्रीमसुद्धा दोन दिवस लावली. शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासून मेट्रोनिडाझोलचं जेल पाच रात्री आतून लावायला दिलं. दोन रात्रींत वास गेला. उरलेलं पुढच्या वेळेसाठी ठेवू का? सकाळी बरंचसं बाहेर येतं, मग उपयोग होतो का? परवा पाळीची तारीख आहे. नवरा विचारतो, हे आलं कुठून? सासूबाईंना दिसू नये म्हणून ट्यूब गॅसजवळ, पिठाच्या डब्यामागे ठेवलीय."
– एक वाचक, इचलकरंजी

अगं, आधी हे ऐक. तू अस्वच्छ नाहीस. योनीत चांगले जंतू असतात, त्यांच्यामुळे तिथे आंबटपणा टिकतो आणि त्रासदायक जंतू आटोक्यात राहतात. चांगले जंतू कमी झाले की बाकीचे माजतात आणि वास येतो. डेटॉलने उरलेसुरले चांगले जंतूही मरतात. मी प्रसूतिगृहात सिस्टर होते, तेव्हा आतली कातडी डेटॉलने पोळलेल्या बायका पाहिल्या आहेत. बिचाऱ्या लाजेपायी आणखी जोरात धुवत राहायच्या. आजपासून आतून काहीही घालून धुवायचं नाही. सुगंधी वॉशही नको. बाहेरून साधं पाणी पुरे.

आता जेल. पाचही रात्री लावायचं. वास गेला म्हणजे जंतू कमी झाले, संपले नाहीत. उरलेलं जेल राखून ठेवायचंही नाही. पुढच्या वेळी त्रास दुसराच असू शकतो. दह्यासारखं घट्ट जात असेल आणि खूप खाज असेल, तर ते बहुधा बुरशीचं असतं. त्यावर हे जेल चालत नाही, उलट अशा अँटिबायोटिकनंतर (जंतू मारणाऱ्या औषधानंतर) बुरशी वाढूही शकते. जाऊबाईंच्या ट्यूबचंही तेच: ते औषध त्यांच्या त्रासासाठी होतं. शिवाय त्या क्रीममध्ये तेल असतं, त्याने कंडोम कमजोर होतो आणि क्रीम थांबवल्यावरही काही दिवस त्याचा भरवसा धरता येत नाही.

लावताना घाई करू नकोस. हात धू. ॲप्लिकेटर, म्हणजे जेल आत सोडायची नळी, ट्यूबला लावून खुणेपर्यंतच भर, त्यात साधारण पाच ग्रॅम जेल मावतं. मग पाठीवर झोप, गुडघे वर घे, अंग सैल सोड आणि त्रास न होता जाईल तेवढंच आत घालून दांडा हळूच दाब. ते पोटात हरवत नाही, योनीचा शेवट गर्भाशयाच्या तोंडाशी बंद असतो. सकाळी थोडं बाहेर येणं स्वाभाविक आहे, रात्रभरात औषधाचं काम झालेलं असतं. म्हणूनच झोपताना लावायला सांगतात. पॅड लाव, टॅम्पॉन किंवा कप नको. एखादी रात्र चुकली तर आठवल्यावर लाव, पण दुप्पट भरू नकोस.

पाळी परवा येतेय, तर आजच डॉक्टरांना फोन करून विचार. कुणी चालू ठेवायला सांगतात, कुणी थांबायला. आपल्या मनाने ठरवू नकोस. पाळी लांबली किंवा दिवस गेल्याची शंका असली, तर तेही सांग. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी), लिथियम (मनाच्या आजारावरची) किंवा दारू सोडण्याची गोळी चालू असेल, तर ती लपवायची नाही. कोर्स संपेपर्यंत दारू आणि संबंध दोन्ही टाळ. तोंडाला धातूसारखी चव येऊ शकते, त्याला घाबरू नकोस. पण अंगावर पुरळ आलं, खूप जळजळलं, ताप आला, ओटीपोटात दुखलं किंवा पाळीशिवाय रक्त गेलं, तर लगेच दवाखाना गाठ.

आणि नवऱ्याला हे वाचायला दे. हा त्रास म्हणजे बायकोचं पाऊल वाकडं पडल्याचा पुरावा नाही. जंतूंची घडी अनेक कारणांनी बिघडते. संबंधांचा मात्र वाटा असू शकतो. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, कायमच्या जोडीदारालाही औषध दिल्यावर हा त्रास उलटण्याचं प्रमाण बरंच कमी झालेलं दिसलं. तेव्हा पुन्हा झालं, तर दोघं मिळून डॉक्टरांकडे जा. 'कुठून आलं' हे विचारण्यापेक्षा तो तुझ्यासोबत बाहेर बाकावर बसला, तर जास्त उपयोग होईल.

सासूबाईंना सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. ट्यूब मात्र गॅसजवळून आजच हलव. उष्णतेने औषध खराब होतं. कपाटात तुझ्या साड्यांच्या घडीत ठेव, तिथं कुणी हात घालत नाही ना?