कोपर, गुडघा, टाच: बॅडमिंटन खेळणाऱ्यांचे प्रश्न

पाऊस सुरू झाला की उपवन तलावाभोवतीच्या फेऱ्या थांबतात, येऊरची चढण निसरडी होते आणि ठाण्यातल्या प्रत्येक बॅडमिंटन कोर्टवर सकाळी सहाचा स्लॉट मिळेनासा होतो. एकदम इतकी माणसं एकदम इतकं खेळायला लागतात, की फिजिओथेरपिस्टांकडे पुढचे दोन महिने कोपरं आणि गुडघे येत राहतात. या वेळच्या पत्रांतही बहुतेक प्रश्न तेच आहेत. सारख्या पत्रांचं एकच उत्तर दिलं आहे. एक पत्र मात्र तातडीचं आहे, म्हणून ते आधी घेते.

प्रश्न: माझे मिस्टर ३९ वर्षांचे आहेत. रविवारी सोसायटीच्या स्पर्धेत खेळताना त्यांच्या पायातून ‘फट्’ असा आवाज आला. मागून कुणीतरी रॅकेट मारली असं वाटून त्यांनी वळूनही पाहिलं. तेव्हापासून टाचेच्या वर सूज आहे. पाय टेकत चालता येतंय, म्हणून स्नायू ताणला असेल असं म्हणत रोज तेल लावून चोळतात. चार दिवस झाले. अजून किती दिवस वाट पाहावी? (वाशी)

वाट पाहू नका, आजच हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. तुम्ही लिहिलेली लक्षणं अकिलीस टेंडन तुटल्याची असू शकतात. पोटरी आणि टाच जोडणारा तो जाड दोर. आवाज येणं आणि मागून मार बसल्यासारखं वाटणं ही याची अगदी ठरलेली खूण आहे. तिशी-चाळिशीतल्या, आठवडाभर बसून काम करणाऱ्या आणि रविवारी जीव तोडून खेळणाऱ्या पुरुषांमध्ये हे जास्त दिसतं.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत घरी एक गोष्ट बघता येईल. त्यांना पालथं झोपवा, पावलं पलंगाबाहेर मोकळी सोडा आणि पोटरी हाताने हलकेच दाबा. चांगल्या पायाचं पाऊल दाबताक्षणी खाली ढकललं जातं. दुखऱ्या पायाचं पाऊल हललंच नाही, तर टेंडन तुटलं आहे असं समजून चाला. हललं तरीही दाखवायचंच. चालता येतंय याचा अर्थ टेंडन शाबूत आहे असा नाही, कारण पायातले दुसरे स्नायू पाऊल खाली ढकलायला मदत करतात. त्या एकाच पायावर उभं राहून टाच वर उचलता येत नाही, तिथे खरं कळतं.

चोळणं पूर्ण बंद करा. उपचार दोन प्रकारचे आहेत: शस्त्रक्रिया, किंवा पाऊल खाली झुकलेलं ठेवणारा बूट घालून टप्प्याटप्प्याने व्यायाम. दोन्हींनी माणूस बरा होतो. पण तुटलेली टोकं एकमेकांपासून लांब जाण्याआधी उपचार सुरू व्हायला हवेत, म्हणून हे चार दिवस मला खटकतात. पोटरी गरम होऊन फुगली किंवा दम लागू लागला, तर थेट इमर्जन्सीत न्या.

प्रश्न: वय ४२, कॉम्प्युटरवरचं काम. कॉम्प्लेक्सच्या क्लबहाउसमध्ये आठवड्यातून पाच दिवस डबल्स खेळतो. तीन महिने उजव्या कोपराची बाहेरची बाजू दुखते आहे. चहाचा कप उचलला तरी कळ येते. पंधरा दिवस पूर्ण विश्रांती घेतली, बरं वाटलं, आणि खेळायला गेलो त्याच दिवशी पुन्हा सुरू. मित्र इंजेक्शन घे म्हणतात. (घोडबंदर रोड)

याला टेनिस एल्बो म्हणतात. मनगट मागे वळवणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला ज्या टेंडनने चिकटलेले असतात, ते टेंडन सोसण्यापलीकडे वापरलं गेलं की हे होतं. रॅकेट पकडताना आणि बॅकहँड मारताना हेच स्नायू राबतात. दिवसभर माउस धरतानाही तेच.

विश्रांतीने तुम्हाला बरं का वाटलं आणि लगेच पुन्हा का दुखलं, हे समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पंधरा दिवसांत दुखणं शांत झालं, पण टेंडनची ताकद वाढली नाही, उलट थोडी कमीच झाली. मग त्यावर तुम्ही पहिल्याच दिवशी पूर्वीइतकाच भार टाकलात. टेंडनला हवा असतो मोजून दिलेला आणि हळूहळू वाढवत नेलेला भार.

पाचऐवजी आठवड्यातून दोन दिवस खेळा, मध्ये निदान दोन दिवस जाऊ द्या. जोरदार बॅकहँड क्लिअर आणि स्मॅश महिनाभर बाजूला ठेवा. खेळताना दुखणं दहापैकी तीनपर्यंत असेल तर चालेल. कसोटी दुसऱ्या दिवशी सकाळी लागते: दुखणं खेळण्याआधीच्या पातळीवर परत आलं असेल तर भार बरोबर होता, वाढलं असेल तर जास्त झाला. ही कसोटी या लेखातल्या बहुतेक दुखण्यांना लागू आहे.

आता व्यायाम. टेबलाजवळ बसून हात टेबलावर टेकवा, तळवा खाली आणि मनगट कडेबाहेर. हातात अर्धा किलोचं डंबेल किंवा पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली घ्या. पहिले दोन आठवडे मनगट सरळ रेषेत नुसतं धरून ठेवायचं, ३० ते ४५ सेकंद, चार-पाच वेळा, रोज. ते सोपं वाटायला लागलं की चार आकडे मोजत मनगट सावकाश खाली न्या आणि दुसऱ्या हाताने वर आणा. १५ वेळा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. मग हळूहळू एक किलोवर या. सहा ते बारा आठवडे लागतील आणि पहिल्या तीन आठवड्यांत फारसं काही घडल्यासारखं वाटणार नाही. इथेच बरेच जण सोडून देतात. तुम्ही सोडू नका.

असं कोपर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी रॅकेट सोबत आणायला सांगते. ग्रिप अंगठ्याच्या जागी काळी पडून गुळगुळीत झालेली असते. तिथे हात घसरतो, म्हणून माणूस नकळत मूठ आवळतो, आणि आवळलेल्या मुठीचा सगळा ताण कोपरावर येतो. ग्रिप बदला, आणि शटलला रॅकेट लागण्याच्या क्षणापुरतीच मूठ घट्ट करा, एरवी सैल ठेवा. तारा किती पाउंडांना ओढून घेतल्या आहेत तेही बघा. मोठे खेळाडू वापरतात म्हणून २७-२८ पाउंड ताण घेणारे पुष्कळ भेटतात. हौशी खेळाडूला २० ते २३ पाउंड पुरतो, शटल सहज जातं आणि हाताला हादरा कमी बसतो.

इंजेक्शनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे छान वाटतं, पण वर्षभराने पाहिलं तर ते घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट आणि दुखणं उलटण्याचं प्रमाण जास्त, असं अभ्यासांत दिसलं आहे. तीन महिन्यांच्या दुखण्यासाठी, नीट व्यायाम केलेलाच नसताना, मी ते घ्यायला सांगणार नाही. बोटांना मुंग्या येत असतील किंवा मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल, तर मात्र मान तपासून घ्या. दुखण्याचं मूळ तिथे असू शकतं.

प्रश्न: मी ३५ वर्षांची. आमच्या पोडियमवरच्या कोर्टवर संध्याकाळी खेळते, खाली टाइल्स आहेत. जिना उतरताना गुडघा पुढून दुखतो आणि कटकट आवाज येतो. झीज सुरू झाली का? नी-कॅप घालू का? (नेरूळ)

३५व्या वर्षी, जुनी दुखापत नसताना, झिजेची शक्यता फार कमी. कटकट आवाजासोबत सूज नसेल तर त्या आवाजाची काळजी सोडा.

आता दुखणारी जागा एका बोटाने दाखवून बघा. बोट वाटीच्या खालच्या टोकावर नेमकं टेकत असेल, तर दुखणं वाटीखालच्या टेंडनचं आहे. उड्या मारणाऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं. दाखवताना हाताचा सगळा पंजा गुडघ्यावर फिरत असेल, तर वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधला दाब वाढलेला आहे. जिना उतरताना दुखणं हे बहुधा या दुसऱ्या प्रकारात होतं. दोन्हींत मांडी आणि कंबर मजबूत करावी लागते.

टाइल्सचा दोष आहेच. चांगल्या हॉलमध्ये लाकडी फरशीखाली थोडी लवचीक पोकळी असते आणि वर सिंथेटिक मॅट. पाय आपटल्यावर जमीन थोडी दबते. सिमेंट किंवा टाइल्स दबत नाहीत, तो धक्का गुडघा घेतो. आठवड्यातून एखादा दिवस तरी मॅटच्या कोर्टवर खेळायला मिळालं तर बघा. आणि तुम्ही रनिंग शूज घालत असाल तर ते आजच बदला. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला झेप घेतली की घोटा मुरगळतो. बॅडमिंटनसाठी गम सोलचे, पाऊल जमिनीजवळ ठेवणारे बूट हवेत.

नेटजवळचं शटल उचलताना जी झेप घेता, तिचा समोरून मोबाइलवर व्हिडिओ काढायला मैत्रिणीला सांगा. टाच आधी टेकते का? गुडघा पावलाच्या बोटांच्या दिशेने जातो की आत पडतो? बऱ्याच जणींचा आत पडतो, आणि एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की तो निम्मा सुधारतो. बाकीचं काम घरी: भिंतीला पाठ टेकवून अर्ध्या बैठकीत ३०-४५ सेकंद थांबणं, जिन्याच्या खालच्या पायरीवरून एक पाय सावकाश खाली टेकवणं, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं. नी-कॅपने धीर आणि ऊब मिळते, घालायची तर घाला, पण ती उपचार नाही.

गुडघा पिळवटला, आतून आवाज आला आणि काही तासांत टम्म सुजला, तर गोष्ट वेगळी. ते लिगामेंट असू शकतं. ऑलिंपिक विजेती कॅरोलिना मरीन जानेवारी २०१९ मध्ये सायना नेहवालविरुद्धच्या अंतिम सामन्यात अशीच कोसळली होती, उजव्या गुडघ्याचं एसीएल हे आतलं लिगामेंट तुटलं होतं. गुडघा मधेच दगा देत असेल किंवा अडकत असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: बऱ्याच वर्षांनी खेळलो. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून आल्या की लोकलचा जिना उतरवेना. हे लॅक्टिक ॲसिड का? (ऐरोली, वय २७)

नाही. ते खेळ थांबल्यावर तासाभरात ओसरतं. सवय नसलेल्या श्रमाने स्नायूंच्या तंतूंना झालेली ही बारीक इजा आहे. एक ते तीन दिवस राहते आणि आपोआप जाते. चालत राहा, कोमट पाण्याने अंघोळ करा, दोन-तीन दिवसांनी अर्धा वेळ खेळा. फक्त लघवी कोलासारखी गडद झाली तर लगेच रुग्णालय गाठा.

प्रश्न: वय ५८, मधुमेह आहे. उजवा खांदा रात्री ठणकतो, शर्टाची बाही चढवताना हात मागे जात नाही. खेळणं थांबवलं, तरी वाढतंच आहे. (नौपाडा)

आरशासमोर उभे राहा आणि डाव्या हाताने उजवा हात धरून वर उचला. मदतीने हात वर जात असेल तर दुखणं खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचं आहे. मदत देऊनही अडत असेल तर तो बहुधा फ्रोझन शोल्डर, आणि मधुमेहात तो इतरांपेक्षा खूप जास्त दिसतो. कोपराबद्दल वर जे लिहिलं त्याच्या उलट इथे आहे: सुरुवातीच्या ठणकणाऱ्या काळात सांध्यातलं इंजेक्शन खरोखर उपयोगी पडतं. त्यानंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी सांगा. कुणाला हात जोराने ओढू देऊ नका. हा खांदा महिनोन्‌महिने घेतो, पण मोकळा होतो.

पन्नाशीच्या सगळ्यांसाठी एक: खेळताना छाती जड होणं, जबडा किंवा डावा खांदा दुखणं आणि थांबल्यावर बरं वाटणं हे सांध्याचं दुखणं समजू नका. आधी ईसीजी काढा, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, मग माझ्याकडे या.

प्रश्न: मुलगी १२ वर्षांची, आठवड्यातून सहा दिवस कोचिंग. सराव संपला की टाच धरून लंगडते. सर म्हणतात, सवय होईल. (कोपरी)

ठाण्यात महापालिकेच्या सय्यद मोदी बॅडमिंटन योजनेसारखी उत्तम प्रशिक्षणाची परंपरा आहे, म्हणून आईवडिलांच्या आशा मी समजू शकते. पण लंगडणाऱ्या मुलीला खेळवू नका. या वयात टाचेच्या हाडाच्या वाढणाऱ्या भागाला पोटरीचा दोर ओढत असतो, ते दुखणं आहे. कायमचं नुकसान होत नाही, पण उड्या आणि पळणं काही आठवडे निम्म्यावर आणावं लागतं. बुटात टाचेखाली मऊ पॅड घाला. दुखणं उतरल्यावर टाचा उचलण्याचा व्यायाम सुरू करा. याच वयात गुडघ्याखाली टेंगूळ येऊन दुखतं, त्याचंही असंच.

सराव आठवड्याला मुलीच्या वयाइतक्या तासांपेक्षा जास्त नको, आणि एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवीच. सरांना हे शांतपणे सांगा. पी. व्ही. सिंधूने २०२२ मध्ये राष्ट्रकुलचं सुवर्ण मिळवलं आणि लगेच घोट्याच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे जागतिक स्पर्धा सोडली. थांबणं मोठ्या खेळाडूंनाही करावं लागतं. मुलगी रात्री दुखण्याने उठत असेल, ताप येत असेल किंवा एकच टाच सुजली असेल, तर एक्स-रे काढा.

प्रश्न: शनिवार-रविवार खेळायच्या आधी एक पेनकिलर घेतो, मग त्रास होत नाही. बीपीची गोळी चालू आहे. काही हरकत? (पाचपाखाडी, वय ५०)

हरकत आहे, आणि मोठी आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या पोटाला जखम करतात, बीपी वाढवतात, आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर मूत्रपिंडावर ताण आणतात. दमट हॉलमध्ये दोन तास घाम गाळल्यावर तो ताण आणखी वाढतो. शिवाय किती खेळायचं हे ठरवण्याचं दुखणं हेच मोजमाप तुमच्याकडे आहे, ते तुम्ही झाकून टाकता.

या शनिवारी गोळी न घेता दहा मिनिटं आधी पोचा. कोर्टभोवती हलकी धाव, बाजूला पाय टाकत फेऱ्या, हात आणि खांदे गोल फिरवणं, दोन्ही पायांनी सावकाश झेपा, रॅकेट हातात घेऊन नुसते हवेत फटके, आणि शेवटी पाच मिनिटं हलक्या हाताने शटल. तरीही दुखलं तर तो दिवस थोडक्यात आटपा. दुखऱ्या जागी जेल लावायला हरकत नाही. किती महिने या गोळ्या घेताय ते बीपीच्या डॉक्टरांना सांगा, आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारी क्रिएटिनिनची तपासणी याच आठवड्यात करून घ्या.