रंग ओळखणारी प्रथिने जास्त, म्हणून रंगभेदही जास्त कळतात का?

प्रश्न : कोथरूडमधील एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवते. मॅन्टिस श्रिंप या सागरी कवचधारी प्राण्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी १२ प्रकारच्या असतात आणि आपल्या डोळ्यांत ३. त्यामुळे त्याला आपल्यापेक्षा बारीक रंगभेद कळत असणार आणि प्रत्येक प्रकारामागे एकेक जनुक असणार, असे विद्यार्थी म्हणतात. हे बरोबर आहे का? गणेश पेठेतून आणलेल्या कोळंबीच्या डोळ्यांत यातले काही दाखवता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही अनुमाने तर्काला धरून आहेत, प्रयोगांत मात्र दोन्ही टिकली नाहीत.

प्रकाश टिपतात ती ऑप्सिन नावाची प्रथिने. अ जीवनसत्त्वापासून मिळणारा रेटिनाल हा रेणू त्यांना जोडलेला असतो आणि त्याच्याभोवतीची अमिनो आम्ले बदलली की शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीही बदलते. ऑप्सिनच्या जनुकाची जादा प्रत तयार होऊन तिच्यात असे बदल साचत गेले, तर नव्या रंगाचा ग्राहक (प्रकाश टिपणारी पेशी) मिळू शकतो. माणसाची लाल आणि हिरव्या रंगांची ऑप्सिने अशीच वेगळी झाली असून ३६४ पैकी जेमतेम १५ अमिनो आम्लांचा त्यांच्यात फरक आहे. मॅन्टिस श्रिंपमध्ये हा प्रकार फार पुढे गेलेला दिसतो. निओगोनोडॅक्टिलस ओअर्स्टेडी या जातीच्या डोळ्यांत ३३ वेगवेगळ्या ऑप्सिनांचे आरएनए (जनुक कार्यरत असताना प्रथिन बनवण्यासाठी निघणाऱ्या त्याच्या प्रती) सापडले आहेत. ही संख्या पेशींच्या प्रकारांपेक्षा बरीच मोठी आहे, कारण एकाच पेशीत अनेक ऑप्सिने तयार होऊ शकतात.

गंमत म्हणजे याच डोळ्यांत याच्या अगदी उलट व्यवस्थाही आहे. अतिनील प्रकाशाचे किमान पाच प्रकारचे ग्राहक तेथे केवळ दोन दृक्‌रंगद्रव्यांवर (म्हणजे ऑप्सिन आणि रेटिनाल यांच्या जोड्यांवर) चालतात, कारण पेशींच्या वर असलेल्या पारदर्शक शंकूंमध्ये मायकोस्पोरिनसदृश अमिनो आम्ले ही अतिनील प्रकाश शोषणारी द्रव्ये असतात आणि ती गॉगलच्या काचांप्रमाणे ठरावीक तरंगलांब्याच खाली जाऊ देतात. तेव्हा ‘एक ग्राहक, एक जनुक’ हे समीकरण वर्गात न शिकवलेलेच बरे.

रंगभेदाची परीक्षा हॅने थोएन, जस्टिन मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली व २०१४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष मांडले. विशिष्ट रंग निवडल्यास खाद्य मिळते, हे शिकवलेल्या हॅप्टोस्क्विला ट्रायस्पिनोसा या जातीच्या प्राण्यांना तरंगलांबीत सुमारे १२ ते २५ नॅनोमीटरपेक्षा कमी फरक असलेले रंग वेगळे ओळखता आले नाहीत. माणसाला वर्णपटाच्या काही भागांत १ ते ४ नॅनोमीटरचा फरकही कळतो. आपला मेंदू ग्राहकांच्या संदेशांची परस्परांशी तुलना करतो, तर हा प्राणी बहुधा कोणता ग्राहक उद्दीपित झाला एवढ्यावरूनच रंग चटकन ठरवत असावा, असा त्यांचा तर्क आहे. मला तो पटण्यासारखा वाटतो, पण तो तर्कच आहे, एवढे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

कोळंबीच्या डोळ्यांत ऑप्सिने असतात, मात्र बाजारातल्या कोळंबीवर त्यांच्या जनुकांचे कार्य तपासू नये, कारण प्राणी मेल्यावर आरएनए लवकर नष्ट होऊ लागतो. डोळ्याची रचना मात्र छान दाखवता येईल. विच्छेदन-सूक्ष्मदर्शकाखाली बाजूने प्रकाश टाकल्यास कोळंबीच्या डोळ्याचे पैलू (ज्या अनेक छोट्या भिंगांचा डोळा बनतो, त्यांचे पृष्ठभाग) चौकोनी दिसतील. मॅन्टिस श्रिंपचे पैलू षटकोनी असतात.