रजा संपल्यावर शाळेत दूध काढायला वेळ आणि जागा कशी मिळवायची?

तुमचं बाळ पाच महिन्यांचं आहे, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय, शाळा ठाण्यात सकाळच्या सत्राची, आणि घरचे म्हणतायत की शाळेत कुठे दूध काढत बसणार, आता वरचं दूध चालू कर. हे जमतं का आणि दूध आटतं का, असं तुम्ही विचारलंय. जमतं. घणसोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने रोज ठाण्याला शाळेत जाऊन माझी मुलगी तेरा महिन्यांची होईपर्यंत मी हे केलं. पण पहिला दीड महिना माझा फार वाईट गेला, तो आधी सांगते, म्हणजे तुमचा तसा जाणार नाही.

रुजू होताना मी शाळेत कोणालाच काही बोलले नाही. वाटलं, मधल्या सुट्टीत गुपचूप उरकून घेऊ. मधली सुट्टी वीस मिनिटांची. त्यात कोणाचा डबा सांडलेला, कोणाचा गुडघा फुटलेला, कोणी वही घेऊन दारात उभं. उरलेल्या आठ-दहा मिनिटांत मी बायकांच्या स्वच्छतागृहात उभ्यानेच हाताचा पंप चालवायचे. बाहेरून कोणी कडी वाजवली की फुटत आलेला पान्हा तिथल्या तिथे थांबायचा. हा मनाचा खेळ नाही, शरीरच तसं चालतं. ज्या ऑक्सिटोसिन नावाच्या हार्मोनमुळे दूध खाली उतरतं, ते ताण आला की अडतं.

मग सहामाही परीक्षा आली. लागोपाठ दोन पेपरांवर पर्यवेक्षण, आणि ते संपतंय तोवर बदली तास. सकाळी पावणेसहाला मुलीला पाजलं होतं, त्यानंतर दुपारी दोनपर्यंत थेंबही काढता आला नाही. संध्याकाळी डाव्या बाजूला लिंबाएवढी टणक गाठ आणि रात्री हुडहुडी भरून ताप. डॉक्टरांनी औषध दिलं आणि सांगितलं, पाजणं बंद करायचं नाही, थंड शेक घ्यायचा, जोराने चोळायचं नाही. घरी सगळे गरम शेक आणि मालीश सांगत होते, नेमकं उलटं. गाठीबरोबर ताप आला तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

तापातून उठल्यावर मी सरळ मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये गेले. वेळापत्रक लावणाऱ्या पर्यवेक्षिकांनाही बोलावून घ्या म्हटलं. माझं मागणं एवढंच होतं: रोज तिसरा आणि सहावा तास मोकळा, त्या दोन तासांना माझ्या नावावर बदली तास लागणार नाही, आणि आतून कडी लागेल अशी एक खोली. एक ऑफ तास मला तसाही होता, तो तिसऱ्यावर सरकवला. दुसऱ्यासाठी चित्रकलेच्या बाईंनी आपला तास माझ्याशी बदलून घेतला. पाच मिनिटांत प्रश्न सुटला, आणि मी दीड महिना त्यासाठी कुढत होते.

म्हणून माझं सांगणं एकच आहे. पंप कोणता घ्यायचा हे नंतर बघा, आधी वेळापत्रकात तुमच्या नावापुढे ते दोन तास पक्के करून घ्या. आणि ते रुजू व्हायच्या आधी, लेखी अर्ज देऊन. मातृत्व लाभ कायदा, १९६१ च्या कलम ११ मध्ये मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला रोज दोन वेळा वेगळी सुट्टी द्यायची तरतूद होती. ही सुट्टी नेहमीच्या विश्रांतीच्या वेळेशिवाय द्यायची, हे त्याच कलमात लिहिलं होतं. म्हणजे 'मधल्या सुट्टीत करा ना' हे त्याला उत्तर होत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली आहे, आणि तिच्यातही ही तरतूद ठेवलेली आहे. मी भांडायला म्हणून कलम दाखवलं नाही, पण अर्जात एक ओळ लिहिली. त्याने मोठ्या बाईंनाही संस्थेपुढे बोलायला आधार मिळाला.

खोली मिळाली ती विज्ञान प्रयोगशाळेच्या मागची, नकाशे आणि जुने तराजू ठेवायची. खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं, एक खुर्ची, एक प्लग. आमच्या शिपाई मावशी पहिल्या दिवशी न सांगता स्टूल घेऊन दाराबाहेर बसल्या. एक मुलगा प्रयोगवही द्यायला आला तर म्हणाल्या, "बाई कामात हायेत, पुढच्या तासाला ये." तेवढ्या एका वाक्याने माझे खांदे सैल पडले आणि त्या दिवशी पहिल्यांदा बाटली ऐंशीच्या रेघेवर गेली. तुमच्याही शाळेत अशा कोणी मावशी असतील. त्यांना विश्वासात घ्या, त्यांना यातलं सगळं कळतं.

एका वेळेला पंधरा-वीस मिनिटं धरा. दोन्ही बाजूंनी एकदम काढणारा इलेक्ट्रिक पंप असेल तर एका तासिकेत धुणं-पुसणं धरून आरामात होतं. पंपाचं फनेल, म्हणजे अंगाला लावायचा नरसाळ्यासारखा भाग, मात्र आपल्या मापाचं हवं. दुखत असेल किंवा निपल कडेला घासत असेल तर माप चुकलंय, दूध कमी आहे असं समजू नका. सुरुवातीला मोबाइलवर मुलीचा व्हिडिओ लावायचे, तिचा आवाज ऐकला की मिनिटाभरात धार लागायची. आवाजाची ताकद मला वर्गातही कळली होती: पहिलीतलं एक पोर व्हरांड्यात पडून रडायला लागलं, मी फळ्यावर लिहीत होते, आणि कुर्ता दोन्हीकडून भिजला. ब्रेस्ट पॅड लावाच, आणि पिशवीत एक गडद रंगाचा जास्तीचा कुर्ता ठेवा.

साठवण्याबद्दल. २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ताजं काढलेलं दूध चार तास राहतं, पण आपल्याकडे ऑक्टोबरात, मेमध्ये स्टाफरूम पंचविसावर कुठली थांबते! बर्फाचे पॅक घातलेल्या जाड पिशवीत चोवीस तास चालतं, फ्रीजमध्ये चार दिवस. मी अशीच पिशवी वापरायचे. प्रयोगशाळेत फ्रीज असेल तर त्यात ठेवू नका, तिथे रसायनं असतात. प्रत्येक बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून वह्या तपासायच्या लाल पेनाने तारीख आणि वेळ लिहायचे. थोड्या वेळाने वर सायीसारखा थर येतो. दूध खराब झालेलं नसतं, हलक्या हाताने फिरवलं की मिसळतं.

घरी सासूबाईंनी पहिल्या दिवशी ते पातेल्यात ओतून गॅसवर ठेवलं. त्यांचं चुकलं नाही. आयुष्यभर दूध म्हटलं की आधी तापवायचं, हेच त्यांनी केलं होतं. पण अंगावरचं दूध उकळायचं नाही, त्यातले रोगापासून वाचवणारे घटक उकळून नष्ट होतात. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात उभी करायची, बस. मायक्रोवेव्हही नको. मग त्यांनीच बाटलीचं निपल बाजूला ठेवून वाटी-चमचा काढला, कारण त्यांनी आपल्या मुलांना बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या छोट्या भांड्याने, पाजलेलं. मुलगी मस्त प्यायची आणि मी आल्यावर अंगावर प्यायचीही विसरली नाही. उष्टं उरलेलं दोन तासांत संपवायचं, नाहीतर टाकायचं. टाकताना जीव तुटतो, म्हणून एका वेळेला साठ मिलीच काढून द्यायला सांगा.

किती लागेल, याचा अंदाज म्हणजे बाहेर असाल त्या प्रत्येक तासाला साधारण तीस मिली. मी साडेसात तास बाहेर असायचे, दोन वेळचं मिळून २०० ते २२० मिली व्हायचं, त्यात भागायचं. कुठेतरी एका वेळी दोन-दोन बाटल्या भरलेले फोटो दिसतात, त्यांच्याकडे बघू नका. सोमवारी जास्त निघतं, शुक्रवारपर्यंत कमी होतं, शनिवार-रविवार मूल अंगाला असलं की पुन्हा भरून येतं. दूध मागणीवर तयार होतं. काढणं थांबलं तर आटतं, नोकरी केली म्हणून आटत नाही. रात्रीचं पाजणं सोडू नका, दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन रात्री जास्त असतं. बाळाला दिवसाला सहा-सात वेळा शू होतेय, वजन वाढतंय, तर त्याला पुरतंय. सहा महिन्यांनी वरणाचं पाणी, मऊ भात सुरू होईल तेव्हा हा भार आपोआप हलका होतो.

आणि रुजू व्हायची तारीख ठरवणं तुमच्या हातात असेल तर सोमवार घेऊ नका, गुरुवार घ्या. दोन-तीन दिवस शाळा होईल, लगेच रविवार येईल, आणि काय अडतंय ते घरी बसून नीट करता येईल. त्याआधी आठवडाभर रोज सकाळच्या पाजण्यानंतर थोडं थोडं काढून फ्रीजरमध्ये ठेवा. बाळ पहिल्या दिवशी जास्त प्यायलं तर घरच्यांच्या हाताशी काहीतरी असेल.