माफ केलं की दुभंगलेला समाज सांधतो का?

तुम्ही विचारलंय की यादवी, दंगली, वंशभेद यांनी फाटलेला समाज माफी आणि आशेवर परत सांधता येतो का. माझं विचाराल तर माफीच्या बाबतीत आपण जरा जास्तच भाबडे आहोत.

दक्षिण आफ्रिकेचंच घ्या. तिथे माफीने सगळं निभावलं असं सर्रास म्हणतात, पण गोऱ्यांची वर्णभेदी राजवट संपल्यावर तिच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करायला आर्चबिशप डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली जो सत्य आणि सलोखा आयोग नेमला, त्याचा नियम वाचलात तर चाट पडाल, अभय (म्हणजे खटल्यातून, शिक्षेतून सुटका) मिळवायला सॉरी म्हणायची अटच नव्हती! गुन्ह्यामागचं कारण राजकीय होतं हे दाखवायचं आणि काय केलं ते काहीही न लपवता सांगायचं, बस्स. १९९६ ला सुनावण्या सुरू झाल्या, सात हजारांवर अर्ज आले आणि अभय मिळालं ८४९ जणांना. म्हणजे तिथे भर होता तो खरं बाहेर काढण्यावर. अहो, ज्या आईला पोराला कोणी उचललं, कुठे पुरलं हेच माहीत नाही तिला माफ कर म्हणायचं म्हणजे कोणाला करायचं तिने आणि कशाबद्दल? ते कळल्यावरही माफ करायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं, नाही केलं तरी तिला कोणी नावं ठेवायची नाहीत (आपण तर शेजाऱ्याशी पार्किंगवरून झालेलं भांडण दहा वर्षं धरून बसतो). भरपाईत मात्र सरकारने माती खाल्ली. २००३ मध्ये पीडितांच्या हातावर एकरकमी ३०,००० रँड (तिथलं चलन) ठेवले, आयोगाने सुचवलं होतं त्याहून बरेच कमी.

आशा मला जास्त कामाची वाटते, पण ती भाषणं ठोकून येत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनसोबत राहू पाहणारे, बहुतेक प्रोटेस्टंट, आणि आयर्लंडमध्ये जाऊ पाहणारे, बहुतेक कॅथलिक, यांच्यात अनेक वर्षं रक्तपात चालला होता. तो थांबवायला झालेला १९९८ चा गुड फ्रायडे करार बघा, सत्तेत दोन्ही बाजूंना वाटा आणि शस्त्रसंधी पाळणाऱ्या संघटनांचे कैदी दोन वर्षांत बाहेर. ज्यांच्या घरातलं माणूस बॉम्बमध्ये गेलं त्यांना हे किती झोंबलं असेल! तरी तिथे ७१ टक्के मतदारांनी हो म्हटलं. सगळ्यांनी माफ केलं होतं म्हणून नाही हो, पुढचं पोर तरी वाचेल म्हणून, असं मला वाटतं. आणि हत्या पूर्ण थांबल्या नाहीत तरी खूप कमी झाल्या. बाकी तिथल्या राजधानीत, बेलफास्टमध्ये, दोन्ही बाजूंच्या वस्त्यांमधल्या भिंती अजून उभ्या आहेत, बरीचशी मुलं अजूनही वेगवेगळ्या शाळांत जातात आणि भिंतींमधली काही गेटं दिवसा उघडतात, रात्री बंद होतात.