जुनी टर्बो, नवा स्कॅनर : आधी भाषा जुळते का ते बघा

जुन्या टर्बो स्पोर्ट्स कारसाठी कोणता स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी आणि बिघाडाचे कोड वाचणारं साधन) घ्यावा, यावर आलेल्या प्रश्नांपैकी पाच निवडले आहेत. गाड्या वेगवेगळ्या असल्या तरी बहुतेकांची गोची एकच दिसते : स्कॅनर आधी आणला आणि गाडी काय बोलते ते नंतर पाहिलं.

प्रश्न : माझी 1994 ची टोयोटा सुप्रा टर्बो आहे. चांगला, नावाजलेला ओबीडी-2 स्कॅनर आणला, पण तो गाडीला लावायचाच कुठे? सोळा पिनांचं सॉकेट सापडत नाही. ॲडॅप्टर वायर घेऊ का?

घेऊ नका. ॲडॅप्टर वायर फक्त पिनांचा आकार बदलते, भाषा नाही. ओबीडी-2 ही स्कॅनरने गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायची ठरलेली सामाईक भाषा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना ओबीडी-2 सक्तीचं झालं ते 1996 च्या मॉडेलपासून. युरोपात पेट्रोल गाड्यांना ते 2001 पासून लागू झालं. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या त्या काळातल्या गाड्यांवर तसं बंधनच नव्हतं. तुमची गाडी या सगळ्याच्या आधीची आहे.

पण तुमच्या गाडीला स्कॅनरशिवायही बोलतं करता येतं. बॉनेटखाली झाकणाची एक छोटी डबी असते, तिच्यावर ‘डायग्नोस्टिक’ असं लिहिलेलं असतं. झाकणाच्या आतल्या बाजूला पिनांची नावं असतात. त्यातल्या टीई1 आणि ई1 या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा, इग्निशन चालू करा, इंजिन सुरू करू नका. आता चेक इंजिनचा दिवा मोजायचा. दोनदा लुकलुकला, थोडा थांबला, मग एकदा लुकलुकला, तर कोड 21, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटची तक्रार. न थांबता एकसारखा लुकलुकत राहिला, तर कॉम्प्युटरच्या मते सगळं ठीक आहे. जोडण्याआधी पिनांची नावं दोनदा वाचा. त्याच डबीत बॅटरीचा करंट असलेली पिनही असते.

त्या काळात ज्याची त्याची बोली वेगळी होती. निसानच्या 300झेडएक्सला 14 पिनांचं ‘कन्सल्ट’ सॉकेट आहे आणि त्याला त्याचीच केबल लागते. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे 1996 च्या आधीच्या काही गाड्यांना सोळा पिनांचं सॉकेट असतं, पण आत ओबीडी-2 नसतं. अमेरिकेतली गाडी असेल, तर बॉनेटखालच्या उत्सर्जनाच्या स्टिकरवर ओबीडी-2 चा उल्लेख आहे का ते वाचा आणि मगच खरेदीला निघा.

प्रश्न : मला कोडपेक्षा बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेवर चढवलेला जादा दाब, बघायचा आहे. स्कॅनर बूस्ट गेजचं काम करेल का?

थोडंफार करेल, पण तीन अडचणी आहेत.

पहिली अशी की ओबीडी-2 मध्ये मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब एका बाइटमध्ये येतो, म्हणजे 0 ते 255 किलोपास्कल. हा दाब निरपेक्ष असतो, हवेचा स्वतःचा दाब त्यात धरलेला असतो. समुद्रसपाटीला तो साधारण 101 असतो, म्हणून स्क्रीनवर 170 दिसले तर खरा बूस्ट झाला 0.7 बारच्या आसपास. आणि 255 म्हणजे साधारण दीड बार. मूळ अवस्थेतल्या जुन्या टर्बोला एवढं पुरतं. पण गाडी ट्यून केलेली असेल आणि बूस्ट दीड बारच्या वर जात असेल, तर आकडा 255 वर चिकटून बसतो आणि तुम्हाला वाटतं, बूस्ट किती छान स्थिर आहे!

दुसरी अडचण म्हणजे कित्येक जुन्या टर्बो हवा मोजतात, दाब नाही. त्यांच्या ओबीडी-2 यादीत दाबाची नोंदच नसते. साधा स्कॅनर तिथे रिकामी जागा दाखवतो आणि लोक स्कॅनर परत करायला निघतात.

तिसरी अडचण वेगाची, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. 2008 च्या आधीच्या बऱ्याच गाड्या के-लाइन या जुन्या, संथ संदेश-वायरीवर बोलतात, सेकंदाला 10,400 बिट. अलीकडच्या गाड्यांची कॅन लाइन सेकंदाला 5 लाख बिट नेते. के-लाइनवर सगळे आकडे मिळून सेकंदाला पाच-दहा वाचनं मिळाली तरी खूप. तुम्ही हौसेने आठ आकडे निवडले की एकेकाची पाळी सेकंदाने किंवा त्याहून उशिरा येते. तेवढ्यात अर्ध्या सेकंदाचा बूस्टचा उसळा येऊन गेलेला असतो. म्हणून लॉग घेताना आरपीएम, दाब आणि इग्निशन टायमिंग एवढेच ठेवा.

कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलणारं साधन असेल तर चित्रच पालटतं. पहिल्या पिढीच्या ऑडी टीटीत व्हीसीडीएस या फोक्सवॅगन-ऑडीसाठीच्या सॉफ्टवेअरने मेझरिंग ब्लॉक (आकड्यांचा गट) 115 उघडला, की आरपीएम आणि लोडशेजारी मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट एका ओळीत दिसतात. समजा पूर्ण थ्रॉटलला मागणी 1700 मिलिबार (हाही निरपेक्ष दाब) आहे आणि मिळतात 1400. मग टर्बो बदलायचा विचार करण्याआधी होज, क्लॅम्प आणि डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (थ्रॉटल सोडल्यावर जादा दाब वळवणाऱ्या झडपेचा) पडदा तपासायचा. एकट्या बूस्टच्या आकड्यावरून हे कधीच कळलं नसतं, कारण 1400 हा आकडा एरवी वाईट नाही.

आणि एक : जुन्या गाडीचा साधा ऑक्सिजन सेन्सर बूस्टखाली हवा-इंधनाचं प्रमाण सांगू शकत नाही, मिश्रण दाट की पातळ एवढंच सांगतो. त्याचे व्होल्ट बघून ट्यूनिंग करू नका. त्यासाठी वाइडबँड (नेमकं प्रमाण मोजणारा) सेन्सर वेगळा बसवावा लागतो.

प्रश्न : फोनला जोडायचा, ईएलएम327 चिपचा स्वस्त डोंगल (सॉकेटमध्ये खोचायचं छोटं साधन) चालेल ना? सगळे तोच वापरतात.

सगळ्यांच्या गाड्या नवीन असतात. कॅन लाइनवर हे डोंगल बहुधा चालून जातात. के-लाइनवर मात्र काही गाड्यांना पहिली हाक सेकंदाला पाच बिट इतक्या संथ चालीने द्यावी लागते, म्हणजे एक बाइट जायलाच दोन सेकंद. नकली चिप नेमकी इथे अडखळते. मूळ चिप बनवणाऱ्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सने 1.5 नावाची आवृत्ती कधी काढलीच नाही. तरी ‘व्ही1.5’ छापलेले डोंगल ढिगाने मिळतात, यावरून काय ते समजा. आयफोन असेल तर जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ चालणार नाही, वायफाय किंवा ब्लूटूथ एलई लागेल. आठवड्यातून एकदाच चालणाऱ्या गाडीत डोंगल खोचून ठेवू नका, सॉकेटला बॅटरीचा करंट कायम असतो.

प्रश्न : वापरलेली पोर्शे 996 टर्बो बघायला जायचं आहे. सोबत काय न्यावं?

ड्युरामेट्रिक, म्हणजे खास पोर्शेसाठीचं स्कॅनर साधन, आणि ते चालवता येणारा माणूस. साधा स्कॅनर इथे कोड सांगेल, पण तुम्हाला हवी ती गोष्ट सांगणार नाही. ती म्हणजे ओव्हर-रेव्हची, इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरल्याची, नोंद. या गाडीचा कॉम्प्युटर ती दोन टप्प्यांत ठेवतो. पहिला टप्पा रेव्ह लिमिटरला (इंजिनाचा वेग रोखणाऱ्या व्यवस्थेला) टेकल्यानेही भरतो, त्याने घाबरू नका. दुसरा भरतो तो चुकून खालचा गिअर पडल्यावर. लिमिटर इंधन तोडू शकतो, पण चाकांनीच फिरवलेलं इंजिन त्याला आवरत नाही. नोंद इग्निशनच्या संख्येत असते. सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीला तीन इग्निशन, म्हणजे 7000 आरपीएमला सेकंदाला 350. दुसऱ्या टप्प्यात 200 दिसले, तर हा जेमतेम अर्ध्या सेकंदाचा गुन्हा आहे. तो कोणत्या तासाला घडला तेही लिहिलेलं असतं. एकूण तासांशी ताडून बघा. शेकडो तासांपूर्वीची गोष्ट असेल आणि इंजिन अजून नीट चालत असेल, तर मी तरी सौदा मोडणार नाही.

साध्या स्कॅनरनेही एक चलाखी पकडता येते. कोड एकही नाही, पण रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या तपासण्या) अपूर्ण आहेत, असं दिसलं तर कोणीतरी नुकतेच कोड पुसले असावेत किंवा बॅटरी काढली असावी. मालकाला सरळ विचारा.

प्रश्न : ऑडी टीटीत नवा स्टिरिओ बसवल्यापासून स्कॅनर जोडलाच जात नाही. स्कॅनर बिघडला का?

बहुधा नाही. स्कॅनरची स्क्रीनच उजळत नसेल, तर आधी फ्यूज बघा. सॉकेटचा करंट पुष्कळ गाड्यांत लायटरच्या फ्यूजवरून येतो. स्क्रीन उजळते पण गाडी उत्तर देत नाही, असं असेल तर संशय स्टिरिओवरच. या गाड्यांत मूळ रेडिओच्या कनेक्टरला के-लाइन आलेली असते. बाहेरचा स्टिरिओ थेट तिथे खोचला की ती लाइन भलत्याच व्होल्टेजला अडकते आणि सगळ्या मॉड्यूलचा आवाज बंद होतो. स्टिरिओ बाहेर ओढा, मागचा कनेक्टर काढा आणि स्कॅनर पुन्हा लावा. गाडी बोलली, तर के-लाइनची ती एक पिन कनेक्टरमधून काढून टोकाला टेप गुंडाळा. स्टिरिओला तिची गरज नाही.